बोलून काढलेल्या आकृत्या

ट्रॉफ हे युनिक्स या संगणकप्रणालीवरचं अक्षरजुळणीचं जुनं सॉफ्टवेअर. त्याच्या जोडीला लोकांनी कितीतरी पूरक साधनं लिहून ठेवली आहेत: कोष्टकांसाठी वेगळं, सूत्रांसाठी वेगळं. इंटरनेटवर त्यांच्या याद्याही आहेत, आणि त्या करणारे लोक महाआळशी. निम्मे दुवे बंद पडलेले. जे उघडतात तिथे एखादा दीडशहाणा लिहून गेलेला असतो, की वापर कसा करायचा ते उघडच आहे. उघड असतं तर मी तुझ्या दारात कशाला आले असते?

त्या उकिरड्यात मला पिक सापडलं. हे आकृत्या काढायचं साधन. माऊस लागत नाही. वर्तुळ इथे, त्रिज्या एवढी, रेघ तिथवर, असं लिहिलं की आकृती तयार. मला ते बाबांसाठी हवं होतं. बाबा निर्मळला राहतात. जन्मभर शाळेत भूमिती शिकवली आणि मग काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. फुलपाड्यात क्लास चालवणारा त्यांचा जुना विद्यार्थी दहावीच्या भूमितीचं पुस्तक काढत होता. मजकूर त्याचा, आकृत्या बाबांच्या, मुखपृष्ठावर नावं दोघांची. डोळे गेल्यापासून बाबांना कोणी काही काम सांगितलंच नव्हतं. लोक यायचे, वाडीतल्या केळींची चौकशी करायचे आणि एखादा घड घेऊन जायचे.

रविवारी मी विरारहून स्कूटरने जायचे. बाबा ओट्यावर बसून सांगायचे, मी टाइप करायचे. "केंद्र शून्य, शून्य. त्रिज्या पाच. स्पर्शबिंदू तीन, चार. रेघ तिथून सात, एकपर्यंत." सगळं मनात मोजलेलं. कधी एक रेघ चुकली नाही. त्या दिवसांत त्यांचा आवाज पुन्हा वर्गातल्यासारखा लागायचा, आणि मला फार बरं वाटायचं.

क्लासवाल्याने आकृत्या बघून नाक मुरडलं.

"मॅडम, सर म्हणजे आपले देव आहेत. पण हे एकदम ओल्ड वाटतंय ना. थोडं थ्रीडी, कलरफुल पाहिजे. पेरेंट्स पहिला लुक बघतात."

भूमितीच्या पुस्तकाचा लुक! त्याने कुणाकडून तरी सगळ्या आकृत्या माऊसने नव्याने काढून घेतल्या. वर्तुळांना गुलाबी सावल्या, रेघांना चकाकी. मी प्रूफ उघडलं तर स्पर्शिका वर्तुळात शिरून पलीकडून बाहेर पडलेली. स्पर्शिका टेकते आणि छेदिका कापते, एवढं ज्याला दिसत नाही तो पोरांना दहावी पास करायला निघालेला. फोन केला तर म्हणाला, "एवढं कोण बघतंय, मॅडम?"

आईचंही तेच. "त्यांना सांगू नकोस. पुस्तक हातात आलं की खूश होतील." असल्या दयेची मला चीड येते. आंधळ्या माणसाला काहीही खपवावं, हे तिलासुद्धा पटलं होतं.

मी ओट्यावर जाऊन बसले. बाबांनी विचारलं, "प्रूफ आलं?"

"आलं. त्याने आकृत्या बदलल्यात. स्पर्शिका वर्तुळाला कापतेय."

बाबा म्हणाले, "त्याला म्हणावं, दुरुस्त कर. नाहीतर माझं नाव काढ."

मी तिथूनच फोन लावला. आकृत्या दुरुस्त करायला त्याच्याकडे वेळ नव्हता. नाव मात्र त्याने मी फोनवर असतानाच काढून टाकलं.