साइडलाइनवरून कोणी ओरडलंच नाही

तर झालं असं, की अमेरिकेची पुरुषांची सॉकर टीम परत एकदा एका तगड्या युरोपियन टीमकडून हरली. इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावातल्या घरी मिसळ खाता खाता सगळे एकदम सुरू झाले, का हरतात हे लोक? एवढा मोठा देश, गालिच्यासारखी ग्राउंड्स, आणि तरी!

बाबा म्हणाले, "इथली दणकट मुलं सगळी बास्केटबॉल नाहीतर अमेरिकन फुटबॉलला पळतात." आई म्हणाली, "क्लबच्या फिया बघा जरा. साध्या घरातलं मूल खेळणार कसं?"

कोल्हापूरचे काका पावाला तर्री लावत होते. काका म्हणजे बाबांच्या ऑफिसमधले, कॉलेजात असताना पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळलेले, आता डेटाबेस सांभाळणारे. ते म्हणाले, "ह्यांना कोण खेळू देतंय? नुसतं शिकवत बसतात."

मी भडकलेच. "काका, मी दहा वर्षं गावोगावी मॅचेसना जाणाऱ्या ट्रॅव्हल क्लबमध्ये खेळलेय! आणि बायकांची टीम जिंकतेच ना? तीपण ह्याच सिस्टिममधून येते!"

"येते की. बाकीच्या जगानं पोरींना गल्लीत खेळूच दिलं न्हाई, म्हणून तिथं तुमची सिस्टिम पहिली पोचली. पोरं मात्र जगभर चपलांचे गोल करून खेळतच होती गं."

"गल्लीत खेळून काय होतं? आम्ही नीट शिकलोय!" मी म्हणाले.

"मंगळवारी संध्याकाळी चल पार्कात," काका म्हणाले. "बघू, दहा वर्षांत काय शिकलीस."

सगळे हसले, मीपण हसले, पण खरं सांगू? मनातून मी टरकले होते. कॉलेजच्या टीमला मी सिलेक्ट झाले नव्हते, तरी आजपर्यंत सगळ्यांना सांगते, मी प्लेअर होते. बाबांनी दर शनिवारी मला तीन तीन तास ड्राइव्ह करून नेलंय. आता खरंच कळणार होतं की मी प्लेअर होते, की नुसती क्लास न बुडवणारी मुलगी.

मंगळवारी मी फुल तयारीत गेले. नडग्यांना शिन गार्ड, पायात खिळ्यांचे क्लीट्स, पाण्याच्या दोन बाटल्या, वॉर्मअपला माझे स्वतःचे चार प्लास्टिकचे कोन. तिथे कोणी हॉटेलातले कुक, कोणी छपरं बसवणारे, दोन घानाचे पीएचडीवाले. गोलपोस्ट म्हणजे काढून ठेवलेले बूट. पाच पाच जण, जी टीम आधी दोन गोल करेल ती मैदानात राहणार, हरलेले बाहेर. मी कोन मांडत होते तेव्हा सगळे थांबून बघत होते, यार, इतकी लाज वाटली ना!

एका टीमला माणूस कमी होता म्हणून मला घेतलं. मी विचारलं, "माझी पोझिशन कोणती?"

समोरच्या टीममधला एक उंच कुक म्हणाला, "पोझिशन? खेळ ना!"

मी आपली मागे डावीकडे उभी राहिले, दहा वर्षं तिथेच उभी राहायचे. बॉल आला, मस्त अडवला, एकदम पुस्तकातल्यासारखा. आणि मी साइडलाइनकडे बघितलं. तेवढ्यात बॉल गेला, गोल! दुसऱ्यांदा आला, परत तेच, परत गोल!

फोल्डिंग खुर्चीवरून काका ओरडले, "इकडं काय बघतीस गं? बॉल तिकडं हाय!"

मी बाहेर येऊन बसले आणि मला क्लिक झालं. दहा वर्षं बॉल पायात आला की एका बाजूने कोच ओरडायचे, "स्विच! बॉल पलीकडे दे!" आणि दुसऱ्या बाजूने बाबा, "शूट कर, शूट!" मी फक्त ठरवायचे की आज कोणाचं ऐकायचं. मोठ्या टीमसमोर आपले अमेरिकेचे प्लेअर बॉल मिळाल्यावर जरासे थांबतात ना, ते थांबणं मला आतून माहीत होतं! शाळा, क्लब, प्रॅक्टिस, सगळं कोणीतरी आखून दिलेलं. समोरचा काहीतरी भलतंच करतो, आणि आपण कोणी सांगायची वाट बघतो.

आता पुढे काय? मी बसले, कोणी बोलवेल म्हणून. एक मॅच झाली. दुसरी झाली.

काका म्हणाले, "इथं हजेरी घेत न्हाईत. 'नेक्स्ट माझी' म्हणून ओरडायचं आणि टीम जमवायची."

"मी? मी कशी जमवू?"

"मग चल घरी, काकूनं भरलं वांगं केलंय."

मी ओरडले. इतक्या जोरात की कुत्रा फिरवणाऱ्या आजीबाई थबकल्या. तीन जण मिळाले, चौथा मिळेना.

"काका, उठा."

"अगं, माझा गुडघा!"

"काका!"

काका उठले. आणि काय खेळले! पळाले नाहीतच, जागेवर उभे राहून नुसती टाच लावायचे आणि बॉल बरोब्बर माझ्यापुढे! दोन्ही टीमचा एकेक गोल झाला. मग बॉल माझ्याकडे आला, समोर तोच उंच कुक. कोणी काही बोललं नाही. त्याचे पाय फाकलेले दिसले, मी मधून बॉल काढला आणि मारला. बॉल बुटाला घासून गेला.

"आउट!" कुक ओरडला.

"आउट? बुटाच्या आतल्या बाजूने गेलाय!"

"वरून!"

आयुष्यात मी कधी मैदानावर वाद घातला नव्हता, रेफरी असायचे ना! आता मात्र मी बूट हातात घेऊन, घासली गेलेली कड दाखवून, मराठी इंग्लिश सगळं मिक्स करून भांडत होते. घानावाले हसून लोळत होते. शेवटी कुकने हात वर केले. "ओके, ओके, गोल! उद्यापण ये, पण माझ्या टीममध्ये."

काका गवतावर आडवे झाले होते. "जिंकलो ना? चला मग घरी."

"काका, जिंकलेल्यांना मैदान सोडता येत नाही," मी त्यांचा हात धरून ओढत म्हणाले. पुढची टीम उभीच होती.