सोवळ्यातला गिअर

सर्व नातेवाईक, शेजारी आणि हितशत्रू यांस जाहीर कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने आयुष्यात एकदा, दिवसाढवळ्या आणि पूर्ण शुद्धीत, दोन आसनांची लाल स्पोर्ट्स कार चालवली आहे. मार्ग : मैदागिनचा चौक ते सारनाथच्या अलीकडे. वेग : याबद्दल घरात दुमत आहे.

आम्ही काशीतले, रामघाटावरचे. पाच पिढ्यांत आमच्या मराठीत इतकी हिंदी मिसळली आहे की पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं मान तिरपी करून ऐकतात. मी बँकेत. पण घराण्याची खरी अब्रू आहे ती दामूकाकांच्या हातात. वय अठ्ठ्याहत्तर, साठ वर्षं मुलांना वेद शिकवताहेत. आमच्या शाखेत स्वर नुसता गळ्यातून काढून भागत नाही, तो हातानेही दाखवावा लागतो. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली, मधला असला की बाजूला. बोटभर चूक झाली तर काका मुलाला पहिल्यापासून म्हणायला लावतात.

आणि चोपन्न वर्षांत काकांचा एकही मुहूर्त हुकलेला नाही. महाशिवरात्रीच्या गर्दीतसुद्धा नाही.

त्या दिवशी मुहूर्त होता अकरा बेचाळीसचा. पुण्याचे एक यजमान सारनाथच्या वाटेवर घर बांधून राहायला आले होते, त्यांची वास्तुशांत. काकांचा नेहमीचा मदतनीस, म्हणजे माझा चुलतभाऊ दिनू, तापाने पडलेला, म्हणून मला सोवळ्यात उभं केलं. मार्गशीर्षातली थंडी! पीतांबर, अंगावर धाबळी, डोक्यावर काकूने विणलेली लोकरीची कानटोपी. यजमानांनी निरोप धाडला होता : "गाडी पाठवतो, साडेनऊला मैदागिनला या." आमच्या गल्लीत गाडी काय, दोन जाड माणसंही समोरासमोर आली तर एकाला मागे जावं लागतं.

गाडी आली दहा पन्नासला. काकांचा चेहरा तोवर श्राद्धाच्या दिवसासारखा झाला होता. मी मात्र गाडी बघून उडालोच. लाल! बुटकी! नाकाने रस्ता हुंगत आल्यासारखी. आणि आत, दोन सीटांच्या मधोमध, आखूड दांड्यावर कातडी गोळा असलेला अस्सल हाताने टाकायचा गिअर!

इथे थोडी कबुली देतो. "गिअरवाली गाडी हीच गाडी, ऑटोमॅटिक म्हणजे पाळणा," हे व्याख्यान मी घरात दर लग्नकार्यात देत आलो आहे. (अनुभव : सासऱ्यांची जुनी जीप. तिचा गिअर ताक घुसळल्यासारखा फिरवायचा आणि जो लागेल तो आपला म्हणायचा.) स्पोर्ट्स कारचा गिअर मी फक्त मोबाइलवर पाहिला होता. नुसतं मनगट हलतं आणि खट्! त्या 'खट्'साठी मी कितीतरी रविवार वाया घालवले आहेत.

"दो ही सीट है, गुरुजी," ड्रायव्हर मिश्राजी म्हणाले. "भइया समझे आप अकेले आएँगे."

तेवढ्यात एक ई-रिक्षावाला पुढे सरसावला. "सारनाथ? पूरा रिक्शा ले लीजिए न पंडितजी!"

शहाण्या माणसाने काय केलं असतं? मी त्याला डोळ्यांनीच 'चालता हो' सांगितलं आणि गाडीचा मालक, म्हणजे यजमानांचा मुलगा ओंकार, याला फोन लावला.

"गुरुजी, तुम्हाला मॅन्युअल येते ना?" त्याने विचारलं.

"येते?" मी असा हसलो की फोनलाही माझी कीव आली असावी.

मिश्राजींनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि ते आमच्या मागून यायला त्याच ई-रिक्षात जाऊन बसले.

काकांनी दारातून आत डोकावून पाहिलं. "सदा, हे सगळं चामड्याचं आहे."

खरंच होतं. सीट, स्टिअरिंग, गिअर, सगळंच. सोवळ्यात चामड्याला शिवायचं नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण लोकर आणि रेशीम चालतं! मग दोन्ही धाबळ्या सीटांवर, माझं रेशमी उपरणं स्टिअरिंगवर. उरला गिअर. काकांनी माझ्या डोक्यावरची कानटोपी काढली, गिअरला घातली आणि खालची पट्टी नीट आत खोचली. गिअर हुबेहूब दिनूच्या धाकट्यासारखा दिसायला लागला.

"आता चल," काका म्हणाले, "आणि ऐक. आज मुहूर्त हुकला तर उद्यापासून मी पळी हातात धरणार नाही."

ते थट्टा करत नव्हते. काका थट्टा करत नाहीत.

मी क्लच दाबला. गिअर पुढे ढकलला. हाताला काय कळलं म्हणता? काहीही नाही! हातमोजे घालून तांदूळ निवडावेत तसं. कुठला गिअर कुठे ते गोळ्यावर लिहिलेलं असतं, ते टोपीखाली. आणि गोळ्याखाली एक कडी होती, ती वर ओढली की रिव्हर्स पडतो. काकांनी टोपीची पट्टी नेमकी त्या कडीखाली खोचून ती वरच अडकवून ठेवली होती! मी मोठ्या ऐटीत क्लच सोडला.

गाडी उसळून मागे गेली. मागे पेरूची गाडी. गाडीवाला एका हाताने पेरू आणि दुसऱ्याने कपाळ धरून ओरडला, "अरे दादा रे!"

"सदा," काका शांतपणे म्हणाले, "सारनाथ पुढे आहे ना?"

चौकात आता पन्नासेक माणसं जमली. काशीत सल्ला मागावा लागत नाही.

"क्लच दबावा गुरु, क्लच!"

"पहिला में डाला, पहिला में!"

"पंडितजी, पहिले गाड़ी क पूजा कइले रहतीं!"

मी पट्टी सोडवली, पुन्हा ढकललं. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा. पुन्हा बंद. (पहिला लागला होता की त्याऐवजी तिसरा, हे आजही मला सांगता येणार नाही.) अकरा वाजून सहा मिनिटं झाली. काकांचे ओठ हलत होते, आणि ते स्तोत्र नव्हतं.

"याचा क्रम काय?" त्यांनी एकदम विचारलं.

"कशाचा?"

"या खुंट्याचा!"

"डावीकडे वर पहिला, खाली दुसरा. मध्ये वर तिसरा, खाली चौथा. पण काका, ते काही सोपं—"

"एवढंच? आठ वर्षांचं पोर याहून जास्त करतं. हात काढ. तू पाय सांभाळ. दाबलास की 'हं' म्हण."

आणि त्यांनी आपला उजवा हात, साठ वर्षं स्वर दाखवणारा तो हात, कानटोपीवर ठेवला.

"हं," मी म्हणालो.

हात वर गेला. पहिला लागला. गाडी निघाली!

"हं." हात खाली. दुसरा. न चुकता, न अडखळता. मागून चौकाने "हर हर महादेव!" केलं. मी पंचवीस वर्षं गाड्यांवर व्याख्यानं देणारा माणूस, आणि माझ्याकडे आता दोन पाय आणि एक 'हं' एवढीच मिळकत उरली होती. त्यातले पायही धड नव्हते. दर सिग्नलला मी क्लच लवकर सोडत होतो, गाडी ठसका लागल्यासारखी बंद पडत होती, आणि काका तोंडाने "च्" करत होते.

पांडेपूरला शिपायाने अडवलं. खिडकीत वाकून तो म्हणाला, "लाइसेंस है?"

"हं," मी म्हणालो.

काकांनी तत्काळ गिअर टाकला! माझा पाय क्लचवर नव्हता. गाडीच्या पोटातून असा आवाज आला की शिपाई दोन हात मागे उडाला. सावरून त्याने आत नीट पाहिलं : सोवळ्यातली दोन माणसं, एकाचे पाय, दुसऱ्याचा हात, आणि कानटोपी घातलेला गिअर.

"गाड़ी चला कौन रहा है?"

मी काकांकडे बोट केलं. काकांनी माझ्याकडे.

शिपायाने हात जोडले. "जाइए महाराज. दोनों मिल के जाइए."

पुढे पुलाचा चढ लागला. इंजिन रडायला लागलं आणि टोपी काकांच्या हाताखाली घसरायला लागली. शेजारून एक ई-रिक्षा आम्हाला मागे टाकून गेली. आतून मिश्राजींनी प्रेमाने हात हलवला.

काकांनी एक क्षण टोपीकडे पाहिलं, एक क्षण घड्याळाकडे. मग टोपी उपटून माझ्या मांडीवर टाकली. "आपद्धर्म!" म्हणाले, आणि उघड्या हाताने गोळा धरला.

"हं."

खट्.

मला ते पायातून कळलं, त्यांना तळहातातून. काकांच्या भुवया वर गेल्या. "अरे!" ते म्हणाले. "हा आपणहून ओढून घेतो! डब्याचं घट्ट झाकण बसावं तसा. जरा दाब बघू पुन्हा."

"काका, गरज नाही, तिसराच बरोबर—"

"दाब म्हणतो ना!"

खट्. चौथा. खट्. परत तिसरा. खट्! पुलावरून उतरेपर्यंत त्यांनी पाच वेळा विनाकारण गिअर बदलला, आणि दरवेळी मुलाचा स्वर अचूक लागल्यासारखे हलकेच मान डोलावत राहिले. चोपन्न वर्षांचा मुहूर्त टांगणीला लागलेला आणि हा माणूस हसत होता! मी माझा हात हळूच पुढे नेला. एकदाच, फक्त एकदाच मला ते 'खट्' हवं होतं.

काकांनी तो चापटी मारून बाजूला केला. "तू पाय बघ."

अकरा अडतीसला आम्ही फाटकात शिरलो आणि तिथेही गाडी बंद पाडूनच थांबलो. चार मिनिटं हातात होती. काकांनी कमंडलूतलं गंगाजल स्वतःवर, माझ्यावर आणि (मी पाहिलं) जरासं गिअरवरही शिंपडलं. मिश्राजी आणि ई-रिक्षावाला पायरीवर बसून चहाचा दुसरा कुल्हड पीत होते. मांडवातली चाळीस माणसं दारात गोळा झाली. मी बाहेर पडलो, उपरणं खांद्यावर टाकलं, छाती काढली.

ओंकार धावत आला. "गुरुजी, कसा वाटला गिअर?"

मी घसा साफ केला. वाक्य तयार होतं, चांगलं लांबलचक. पण काका दुसऱ्या दारातून उतरता उतरता साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात बोलून गेले :

"गिअर उत्तम आहे रे बाळा. पाय तेवढे बदलून घे!"