वासूच्या जीपला उजेड कमी पडत होता

वासूचे डोळे जात होते आणि मी त्याच्या जीपचा डायनॅमो बदलत बसलो होतो. माझ्या मूर्खपणाच्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या मी चहाच्या टपरीवर मीठमसाला लावून सांगत आलो आहे. हीसुद्धा सांगायचो. तेव्हा वासू बहुतेक समोरच बसलेला असायचा आणि माझ्याआधी तोच हसायचा. आता गोष्ट सांगायला घेतली की ती हसण्याची जागा येते, आणि तिथे कुणीच हसत नाही... म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावी.

महिना-दीड महिना झाला. पवनीला माझ्या दुकानात मी एका शेतकऱ्याच्या पंपाची मोटार खोलून बसलो होतो. साकोलीकडून आलेली एस.टी. दुकानासमोर थांबली आणि ओळखीचा कंडक्टर खिडकीतूनच म्हणाला, "सानगडीचे जीपवाले वासुभाऊ गेले जी. छातीत दुखलं म्हणे, दवाखान्यात न्याले वेळच नाही भेटला." मी म्हटलं, "बरं." आणि तार गुंडाळत राहिलो. बराच वेळ गुंडाळत राहिलो. मोटारवाला शेतकरी समोर बसला होता, शेवटी त्यालाच राहवलं नाही. तो म्हणाला, "मास्तर, हे उलटं तं नाही होऊन राहिलं?" सगळी गुंडाळी उलटी झाली होती. ती मी मग एकेक वेढा करत सोडवत बसलो.

वासू मूळचा सानगडीचा, पण शाळेसाठी पवनीला मावशीकडे राहायचा. आम्ही एका बाकावर. पुढे मी नागपूरला बी.एस्सी. करायला गेलो, दुसऱ्या वर्षात दोनदा नापास झालो, आणि मोटार बांधायचं कसब तेवढं घेऊन परत आलो. नापास झालेल्या माणसाकडे पास झालेल्यापेक्षा जास्त विज्ञान असतं, असा माझा तेव्हा समज होता. वासू मला "सायंटिस" म्हणायचा. तो स्वतः शाळा सोडून धानाच्या बांध्यांत उतरला, पण मन त्याचं गाडीत. सत्तरच्या दशकात जंगल खात्याच्या लिलावात त्यानं एक जुनी जीप घेतली. ती आणायला मीही गेलो होतो. बॉनेट उघडून, नळ्या-तारा हलवून मी जाणकारासारखं सांगितलं, "एकदम तयार आहे, मार चावी." टाकीत पेट्रोल नव्हतं. आम्ही ती भर उन्हात ढकलत पंपापर्यंत नेली आणि वासू वाटेत भेटेल त्याला सांगत होता, "सायंटिसनं तपासून घेतली हाय."

त्या जीपवर त्याचं घर चाललं, आणि नुसतं घरच नाही चाललं. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली माणसं, कोंबड्या, टोपल्या सानगडीला आणायच्या आणि ऊन असेतोवर परत पोचवायच्या. लग्नाचे दिवस आले की नवरदेव त्याच्याच जीपमध्ये. कुणाची बाळंतपणाची वेळ आली की हाक त्यालाच. गावात त्याला नावानं ओळखणारे कमी, "जीपवाले" म्हणणारे जास्त. "हे स्टेरिंग सुटलं नं, तं मी कोण गा?" असं तो एकदा सहज म्हणाला होता. मी त्यावर काहीतरी विनोद केला असेल. मला आठवत नाही.

ऐंशी सालाच्या अलीकडे-पलीकडे तो दुकानात येऊन एकच तक्रार करायला लागला. "उजेड कमी पडून राहिला, बाप्पा. काहीतरी कर." खरं काय होतं ते आज एका दमात सांगता येतं : दिवस कलला की वासूला दिसेनासं होत होतं, कडेचं तर दिवसाउजेडीही कमी झालं होतं, आणि जीप हातातून जाईल या धास्तीनं तो दिव्यांना दोष देत होता. मी मात्र दिवेच पाहत होतो. बल्ब बदलले, दिव्यांतले आरसे चकचकीत केले, डायनॅमोच्या कटआउटचे पॉइंट घासले. तो दर वेळी जाऊन परत यायचा आणि म्हणायचा, "फरक आहे थोडा." त्याला मला वाईट वाटू द्यायचं नसायचं.

डायनॅमोचा एक स्वभाव असतो. इंजिन जोरात पळालं तर तो वीज कमावतो, गाडी हळू झाली की हात वर करतो. आमच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर जीप पळणार किती? हळू झाली की दिव्यांचा कंदील व्हायचा. म्हणून मी निदान पक्कं केलं : याला अल्टरनेटर पाहिजे. नव्या ट्रकांना तो लागायला लागला होता. इंजिन नुसतं गुरगुरत असलं तरी बॅटरी भरतो. आमच्याकडे जुन्या जीपला कुणी तो लावल्याचं ऐकिवात नव्हतं, आणि मला तर तेच पाहिजे होतं. नागपूरच्या भंगार बाजारातून ठोकलेल्या ट्रकचा अल्टरनेटर आणला, लोहाराकडून पट्ट्या वाकवून घेतल्या, पट्टा जुळवला आणि गावभर सांगितलं की वासूच्या जीपला आता सर्कशीसारखा उजेड होणार.

त्या जुन्या जीपच्या बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला होता. डायनॅमोला त्याचं काही वाटत नाही. अल्टरनेटरला वाटतं. हे मला ठाऊक होतं... म्हणजे बॅटरीची तार लावून धूर निघाल्यावर मला ते एकदम आठवलं. आतले डायोड लाह्यांसारखे भाजून निघाले. वासू नाक दाबून म्हणाला, "उजेडाचं नंतर पाहू गा, वास तं मस्त येऊन राहिला." नवे डायोड मिळेपर्यंत जीप माझ्या दुकानासमोर उभी राहिली. इतके दिवस जीप बंद, तरी वासू चिडला नाही. उलट निवांत दिसत होता. मला वाटलं, मित्र असावा तर असा.

जीप तयार झाल्यावर मी ती घेऊन सानगडीला गेलो. दिवस मावळायच्या बेताला वासू स्टेअरिंगवर बसला आणि शेजारच्या सीटवर यमुनावहिनी, त्याची बायको, चढून बसली. गेल्या वर्षभरापासून ती अशीच बाजूला बसून असायची. गावात त्यावर थट्टा चालायची, आणि त्यात पुढे मीच. "काहून गा वासू, वैनीनं सोडलं तं तू पळून जाशीन का?" तो हसायचा. वहिनी पदर सावरून बाहेर पाहायची. मी मागे बसलो. तलावाच्या पाळीवर जीप उभी केली, इंजिन हळू ठेवलं आणि मी मागून वाकून ओढलं बटन. काय सांगू! पाळीवरचा खडान्‌खडा दिसायला लागला. पलीकडच्या काठावरचे बगळे दचकून उडाले. मी मागच्या सीटवर उभाच राहिलो आणि टपाला डोकं आपटून घेतलं. वासू समोर पाहत होता. मग म्हणाला, "लाव नं मंग."

मला वाटलं, भाव खाऊन राहिला. मी मोठ्यानं हसलो. वहिनी पटकन म्हणाली, "लागले जी. चांगले लागले." आणि लगेच, "चाला आता. डाव्या हाताले पाणी हाय, थोडे उजवीकडून घ्या."

जीप चालली. वहिनीचं बोलणं सुरू. समोर खड्डा हाय, बाभूळ आली, कोणाची म्हैस उभी हाय जी, थांबा, गेली... मागे बसून मी मनात म्हणत होतो, ही बाई किती बोलते, याला सुखानं गाडी चालवू देत नाही. वासू सुरेख चालवत होता. ते श्रेय मी माझ्या अल्टरनेटरला देत होतो. पाळ संपायच्या आत वहिनीला ठसका लागला. चांगलाच लागला, दोन शब्द बोलवेनात. वासूनं ब्रेक दाबला आणि जीप रस्त्याच्या मधोमध उभी केली. दोन्ही हात स्टेअरिंगवर, मान सरळ. मी म्हटलं, "काहून थांबला?"

"तिले खोकला आला नं."

"मंग? गाडीले आला का खोकला?"

ठसका थांबला, वहिनीनं डोळे पुसले, म्हणाली, "मोकळं हाय, चाला." जीप निघाली. आणि मी, बी.एस्सी. दुसरं वर्ष, घरी येऊन बायकोला सांगितलं की वासूचा वहिनीवर भारी जीव आहे. ते काही खोटं नव्हतं म्हणा.

चार-पाच दिवसांनी तो एस.टी.नं पवनीला आला. जीप चालू असताना तिच्याशिवाय आलेला त्याला मी प्रथमच पाहत होतो. बाकावर बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "तो अल्टरनेटर काढून घे. जुना डायनॅमोच लाव."

मी भडकलो. एवढा उजेड, एवढी मेहनत! "अबे, दिवे दिवसासारखे लागून राहिले, अजून काय पाह्यजे तुले?"

"तेच तं," तो म्हणाला. "डायनॅमो होता तवा मले वाटे, दिव्यांचंच काही असन. आता तू दिवे चांगले करून ठेवले... आता मी कोणावर ढकलू?"

रस्त्यावरून सायकली जात होत्या. त्यानं मग सगळं सांगितलं. कधीपासून, किती, आणि यमुनेला ते पहिल्या दिवसापासून कसं कळलं. बाजारची माणसं तो ऊन असतानाच सोडायचा. परतीच्या अर्ध्या उजेडात जीपमध्ये ती दोघंच असायची. त्या दिवशी मागे मी होतो, एवढाच फरक. "तुले घेऊन पडलो असतो तं तुह्या बायकोले काय सांगतलं असतं गा?" असं म्हणून तो हसायला लागला. मी उगाच एक पाना उचलून पुसत बसलो.

नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे आम्ही तिघं गेलो. त्यांनी डोळ्यांत उजेड पाडून पाहिलं, घराण्यात आणखी कुणाचे डोळे गेलेत का ते वासूला विचारलं, आणि याला औषध नाही असं सरळ सांगून टाकलं. हळूहळू जातील म्हणाले. वासूनं एकच विचारलं, "पुरे जातीन का जी?" डॉक्टर कागदाकडे पाहत राहिले. परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला होता आणि बाहेर अशा नजरेनं पाहत होता की मला खिडकीकडे मान वळवता आली नाही.

त्यानंतर त्यानं स्टेअरिंगला हात लावला नाही. डायनॅमोही परत लावू दिला नाही. "राहू दे. तिच्या कामी पडन," म्हणाला. मला वाटलं, डोकं फिरलं याचं. पण त्यानं यमुनावहिनीला जीप शिकवली. धान कापलेल्या बांध्यांत, शेजारी बसून, नुसत्या कानानं. "क्लच पूर्ण दाबला नाही तू. आवाज सांगून राहिला." मीही एक दिवस शिकवायला गेलो होतो. माझ्या सूचना ऐकून वहिनीनं जीप बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर चढवली, आणि वासूनं मला खाली उतरवलं. बाजाराच्या दिवशी ती पहिल्यांदा सानगडीत जीप घेऊन शिरली तेव्हा भाजीवाल्या बाया उठून उभ्या राहिल्या. वासू शेजारी ताठ बसला होता. लोक आता "जीपवाल्या बाई" म्हणायला लागले. त्याला ते आवडायचं. पण एकदा मी तिथे असताना कुणीतरी नव्या माणसानं विचारलं, "आणि हे कोण?" तेव्हा वासूची मान थोडी खाली गेली... ते मी पाहिलं. यानंतर कधीमधी मला दिसायला लागलं होतं.

शेवटची काही वर्षं तर त्याला दिवस आणि रात्र यातला फरकही उन्हाच्या चटक्यानंच कळायचा. तो घरीच राहायचा, अंगणात बाजेवर. मी गेलो की पावलावरून ओळखायचा, "आला का सायंटिस? आज काय जाळलं?" मी जळालेल्या मोटारींच्या गोष्टी सांगायचो. नसल्या जळाल्या तरी सांगायचो.

मागच्या आठवड्यात सानगडीला गेलो. वहिनीनं मला फाट्यावरून जीपमध्ये घेतलं. डाव्या, वासूच्या सीटवर बसायला पाय उचलला आणि मागे जाऊन बसलो. तिनं गिअर टाकला. गाव आलं. घराच्या अलीकडच्या वळणावर तिनं भोंगा वाजवला, थोडं थांबून पुन्हा वाजवला. रस्ता तर मोकळा होता. वासू असताना हा भोंगा वाजला की तो बाजेवरून उठून, भिंतीला हात लावत लावत फाटकाशी येऊन उभा राहायचा. जीप थांबली की बॉनेटवर तळवा ठेवायचा, इंजिन किती तापलं ते पाहायला. घर आलं. फाटक बंद होतं. आतून कुणी आलं नाही. वहिनी हात स्टेअरिंगवर ठेवून, इंजिन चालूच ठेवून, फाटकाकडे पाहत बसली होती. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "वैनी, रस्ता तं मोकळा होता. भोंगा कायले वाजवला?"

तिनं चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

"भाऊजी," ती वळून न पाहता म्हणाली, "तुमी आपल्या मोटारीच बांधा. माणसाचं तुमाले कधी समजलंच नाही."