उरलेली बाटली

त्या हॉटेलावर मी पहिल्या दिवसापासून दात धरून होते. जेवण वाईट असतं तर बरं झालं असतं, दुसरीकडे जाता आलं असतं. पण जेवण चांगलं होतं. भट्टीतला पातळ पिझ्झा, नुसत्या लसूण-तेलातली स्पॅगेटी, वांग्याच्या कापांवर चीज घालून भाजलेला एक प्रकार. आठच टेबलं. मालक इटालियन, पोटानं मोठा आणि तोंडानं फटकळ. जास्तीची मिरची मागितली की असा बघायचा, जणू मी त्याच्या आईला नावं ठेवली. मागच्या दारातून बाहेर पडलं की गाड्या लावायची मोकळी जागा आणि तिच्यापुढे लगेच समुद्र. समुद्र म्हणजे ओहोटीला नुसता चिखल, पण येणारे लोक त्यालाही व्ह्यू म्हणायचे.

मालक स्वतः दारू विकत नव्हता. ज्याला हवी असेल त्यानं आपली बाटली कागदी पिशवीतून आणून आत द्यायची, ते थंड करून ठेवणार. हे कायद्यात कितपत बसत होतं ते त्यालाच ठाऊक. रमजानात मात्र तो बाटलीचं नाव काढू द्यायचा नाही. माझा सगळा राग या पद्धतीवर होता. इतर ठिकाणी दारूचा दोष मेन्यूवर ढकलता येतो, वेटरवर ढकलता येतो. इथे तशी सोयच नव्हती. टेबलावर आलेली प्रत्येक बाटली कोणीतरी मुद्दाम विकत घेऊन, उचलून आणलेली असायची.

आमच्या टेबलावरची बाटली आणायचे माझे मोठे दीर.

भाऊजी तीस वर्षं बहरीनमध्ये होते. जहाजदुरुस्तीच्या यार्डात फोरमन. बायको संगमेश्वरजवळच्या गावात, हे गुदैबियाला एका खोलीत. माझ्या नवऱ्याला इथे आणलं त्यांनीच, व्हिसापासून पहिल्या नोकरीपर्यंत. नवरा पुढे सीफच्या एका टॉवरमध्ये अकाउंटंट झाला, आम्ही माहूजला फ्लॅट घेतला. तरी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी दोघं भाऊ त्या हॉटेलात जेवणार, आणि सोबत मी जाणार, हे ठरलेलं होतं. हे कोणी ठरवलं, विचारलं तर नवरा म्हणायचा, "दादाला आवडतं गं. दुसरं कोण आहे त्याला इथे?"

दादाला आवडतं म्हणे. बिरड्याच्या उसळीवर वाढलेल्या माणसाला स्पॅगेटी आवडते! काट्यानं ती गुंडाळताना भाऊजींची अर्धी ताटात आणि अर्धी शर्टावर असायची. पण बसल्याबसल्या मान वर करून ते म्हणायचे, "बाटली ठेवलीय थंड करायला, घेऊन येतो." आत जायचे आणि पांढऱ्या वाइनची बाटली घेऊन परत यायचे. स्वतःच्या हातानं नवऱ्याचा ग्लास भरायचे, तोही पाऊणच. स्वतःला दोन बोटं घ्यायचे आणि त्यातली निम्मी तशीच ठेवायचे. मला ते बघून आणखी चीड यायची. भावाला पाजायचं आणि आपण मात्र शहाणपणानं कोरडं राहायचं! जेवण झालं की उरलेली बाटली, बहुतेकदा अर्ध्याहून जास्त भरलेली, बूच लावून बगलेत मारून घेऊन जायचे. एकदाही विसरले नाहीत. हावरटपणालाही काही सीमा असते, असं मी परतताना गाडीत बोलायचे. नवरा गाडी चालवत राहायचा.

सुरुवातीची काही वर्षं हा नुसता वैताग होता. मग नवऱ्याच्या लिव्हरचं निघालं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त माझ्या हातातून जातं. कोणाच्या घरात काय चाललंय ते मला त्यांच्या बायकांच्या आधी कळतं, असा माझा तोरा होता. नवऱ्याचा रिपोर्ट मीच पहिल्यांदा पाहिला. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं, एक थेंबही नाही. आता थांबलात तर सुधारेल, नाही थांबलात तर मागे येता येणार नाही. त्या रात्री नवरा लहान पोरासारखा रडला. घरात होतं नव्हतं ते मी सिंकमध्ये ओतलं. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

पण पहिला शुक्रवार आला आणि पुन्हा ती बाटली आली. पुन्हा पाऊण ग्लास.

"दादाचा मान म्हणून घेतो," नवरा म्हणाला. "महिन्यातून एकदा. त्यानं काय होतंय?"

"भाऊजींना माहीत आहे ना, डॉक्टर काय म्हणाले ते?"

"माहीत आहे. पण थोरला माणूस प्रेमानं भरतो, नाही कसं म्हणायचं?"

थोरल्याचा मान! या एका शब्दाखाली आमच्याकडच्या पुरुषांनी काय काय झाकलंय, त्याची यादी करायला बसले तर कागद पुरायचा नाही. मी पुढचे चार महिने गप्प बसले. तिसऱ्या महिन्यात रक्त पुन्हा तपासलं. आकडे खाली यायच्या ऐवजी वर गेले होते. महिन्यातून पाऊण ग्लासानं आकडे असे वर जात नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, माझं पोट त्यावर चालतं. पण मला आधीच एक माणूस सापडला होता ज्याचा राग यायचा, आणि मी हिशेब त्याच्याच नावावर लावला. म्हणजे भाऊजी त्याला गुदैबियाच्या खोलीवर बोलावूनही पाजत असणार, मी ठरवून टाकलं.

पुढच्या शुक्रवारी भाऊजी आतून बाटली घेऊन आले, खुर्चीत बसले आणि बूच काढायला लागले. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. लग्नानंतर त्यांना माझा हात लागला असेल तो तेवढाच.

"भाऊजी, तुम्ही तुमच्या हातानं तुमच्या भावाला पोचवणार आहात का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा स्पॅगेटी गुंडाळत होता. काट्यावर मावेना इतकी झाली तरी गुंडाळतच होता.

"मी रिपोर्ट बघते," मी म्हणाले. "मला कोणी फसवू शकत नाही. त्याला इथे आणलंत, तुमचे उपकार आहेत, मान्य. पण म्हणून त्याचा जीव तुमचा झाला नाही. आजपासून माझ्या घराची पायरी चढू नका. आणि हे जेवण पण खलास."

शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले होते. मला पर्वा नव्हती. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांचं तुंबलेलं एकदाचं वाहिलं होतं.

भाऊजी म्हणाले, "बरं." पुन्हा एकदा भावाकडे बघितलं, अगदी थोडा वेळ. मग उठले, न उघडलेली बाटली बगलेत घेतली आणि चालते झाले.

"बघितलंस?" मी नवऱ्याला म्हटलं. "एवढं ऐकूनसुद्धा बाटली न्यायला विसरला नाही तुझा दादा."

नवरा म्हणाला, "जाऊ दे ना."

बहिणीला फोनवर हे सगळं मी रंगवून रंगवून सांगितलं. बाटलीचा भाग तर दोनदा.

त्यानंतर चार महिन्यांनी भाऊजींची नोकरी संपली. यार्डानं जुनी माणसं कमी केली, त्यांनी व्हिसा रद्द करून फायनल एक्झिट घेतली आणि तीस वर्षांचं सामान दोन बॅगांत भरून ते गावी निघाले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फोन केला. म्हणाले, "निघतो उद्या. सांभाळून राहा. त्याच्याकडे लक्ष ठेव." मी म्हटलं, "ते मी ठेवतेच आहे," आणि फोन ठेवला. विमानतळावर नवरा एकटा गेला.

आता कसं, मोकळं झाल्यासारखं वाटायला हवं होतं. पण रक्ताचे आकडे वरच होते. आणखी थोडे वर. जुनं नुकसान भरून यायला वेळ लागतो, असं मी स्वतःला सांगितलं. नवऱ्याला ऑफिसातून यायला उशीर व्हायचा. क्लोजिंग आहे, ऑडिट आहे. येताना तोंडात बडीशेप असायची. सासरची सगळी माणसं जेवणानंतर बडीशेप खातात, त्यात काय बघायचं?

मे महिन्यात लग्नाचा वाढदिवस आला, नेमका शुक्रवारी. मीच म्हटलं, त्या इटालियन हॉटेलात जाऊ. नवरा नको म्हणाला. सीफला जाऊ म्हणाला, गुदैबियात थाळी खाऊ म्हणाला, घरीच काहीतरी कर म्हणाला. मला वाटलं, दादाची आठवण येत असेल. म्हणून मी जास्तच हट्ट धरला. खरं म्हणजे मला त्या टेबलावर बाटलीशिवाय बसायचं होतं. जिंकलेल्या माणसासारखं.

आम्ही बसलो. तिथला जुना वेटर आला, नेपाळचा, पन्नाशीचा, अतिशय सभ्य माणूस. इतक्या वर्षांत त्यानं आमच्या ताटात कधी चुकून मांस येऊ दिलं नव्हतं. पाण्याचे ग्लास ठेवले, मला नमस्ते केलं आणि नवऱ्याला विचारलं, "सर, आज बोतल नहीं लाए? बुधवार वाली तो आपने उसी दिन पूरी कर दी थी."

नवरा म्हणाला, "अगं, तो दुसऱ्या कोणाला तरी..."

मी वेटरला विचारलं, "कौन सी बोतल?"

"सर की, मॅडम." त्या माणसाच्या चेहऱ्यावर काही लपवण्यासारखं नव्हतं, कारण त्याच्या दृष्टीनं लपवण्यासारखं काही नव्हतंच. "पहले सर गुरुवार को ऑफिस से आते टाइम रख के जाते थे, शुक्रवार को बड़े साहब अंदर आके ले लेते थे. अब बड़े साहब तो गए. तो सर खुद ही आ जाते हैं, सोमवार, बुधवार. बाहर वाली टेबल पे." मग माझ्या तोंडाकडे बघून तो थांबला. म्हणाला, "मेनू लाता हूँ."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी दिली होती, आणि तीही चारचौघांत, मान वर करून.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो तेव्हाही टेबलाकडे बघत होता, फक्त आता गुंडाळायला समोर स्पॅगेटी नव्हती. "मी सांगणार होतो," तो म्हणाला. मला त्याच्या अंगावर पाणी फेकावंसं वाटलं. ग्लास उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. उठून मागच्या दारानं बाहेर गेले. ऊन मी म्हणत होतं. ओहोटी होती, चिखलात एक होडी कलंडून पडली होती. तिथेच उभं राहून मी संगमेश्वरला फोन लावला.

भाऊजींनी लगेच उचलला. मागे कोणीतरी नारळ सोलत असल्याचा आवाज येत होता.

मी काही प्रस्तावना केली नाही. "बाटली तुमची नव्हती," मी म्हटलं.

नारळाचा आवाज दूर गेला, ते उठून बाजूला गेले असावेत. मग म्हणाले, "कोणी सांगितलं?"

"वेटरनं. तुम्ही का नाही सांगितलंत? मी तुम्हाला एवढं बोलले. सगळ्यांच्या देखत. तुम्ही तोंड का नाही उघडलंत?"

"त्यानं आईची शपथ घातली होती. आणि मला वाटलं, तुला कळलं तर तू घर सोडून जाशील. मग त्याला कोण?"

"म्हणून तुम्ही आणून द्यायचात?"

"आणून देत नव्हतो. तो आणणारच होता. म्हटलं, एकटा कुठे बसून पिण्यापेक्षा माझ्या समोर पिऊ दे. एक ग्लास मी भरणार, दुसरा नाही, असं ठरलं होतं आमचं. उरलेली मी घेऊन जायचो."

"त्या उरलेल्याचं काय करायचात तुम्ही?"

"मोरीत ओतायचो. दुसरं काय करणार? मला कुठे आवडतं ते आंबट."

मला त्यांचाही राग आला, हे लिहायलाच हवं. माफी मागण्याआधी रागच आला. दोघं भाऊ, एक आई, एक शपथ, आणि सगळं गुपचूप. जिच्या हातातून रोज लोकांचं रक्त जातं तिला मात्र कोणी विचारलं नाही. मला सांगितलं असतं तर मी घर सोडलं नसतं. की सोडलं असतं? मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं, म्हणून तर ते गप्प बसले. आणि मी काय केलं? नवऱ्याला जो एकच माणूस आवरत होता, त्याला टेबलावरून उठवलं आणि वर बहिणीला फोन करून हसले.

"भाऊजी, माझं चुकलं," मी म्हटलं.

त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. काळजीनं, अगदी हळू विचारलं, "मग आता उरलेली कोण नेतं?"

दारातून मला आमचं टेबल दिसत होतं. नवरा दोन्ही हात मांडीत घेऊन बसला होता.

"उरत नाही, भाऊजी," मी म्हटलं.