पाटावरचा पॉवर सप्लाय

सत्तरी उलटल्यावर आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विमान चालवायचं वेड लागलं. विमान अर्थातच संगणकातलं. मल्लेश्वरमच्या घरात पुढच्या खोलीत एका नामांकित कंपनीचा डेस्कटॉप होता. नाश्ता झाला की अण्णा बेंगळुरूहून उडायचे आणि जेवायच्या वेळेला कुठेतरी उतरायचे. आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली.

मग आईचं हृदयाचं दुखणं निघालं. तिला आयुष्यात एकदा तरी विमानात बसायचं होतं, ढग वरून बघायचे होते. डॉक्टरांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. अण्णांनी मात्र त्याच संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला माझ्या घरी फोन केला आणि विचारलं, "ढग खऱ्यासारखे दिसायला काय लागतं गं?"

नवा खेळ लागतो आणि तो चालायला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं, मी म्हणाले. दोन्ही मीच आणलं आणि मीच बसवलं. रविवारी आई ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर पर्स घेऊन अण्णांच्या शेजारी बसली. विमान धावपट्टीवर धावू लागलं, वेग आला, आणि नाक उचलायच्या वेळेला संगणकच बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच बंद.

"राहू द्या हो," आई म्हणाली, "जमिनीवरून स्वल्प फिरवून आणलंत ना, पुरे झालं." आणि पर्स घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. मला रडूच आलं. रडू आलं की मला राग येतो, तो मी संगणकावर काढला.

कारण साधं होतं. आतल्या सगळ्या भागांना वीज वाटून देणारी जी पेटी असते, तो पॉवर सप्लाय, नव्या कार्डाला पुरा पडत नव्हता. पुढच्या शनिवारी मी एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दुप्पट ताकदीचा घेऊन आले. सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काढली, एक पेटी बदलता येणार नाही? नाहीच आली. या मोठ्या कंपन्यांचं सगळं आपल्याच मापाचं. नवी पेटी आत मावेना, स्क्रूची भोकं जुळेनात, मुख्य वायरचं तोंडही वेगळंच. अण्णा मिशीत हसत होते.

चिडून मी जुनी पेटी उलटी करून झटकली, तर जाळीतून वाळकी फुलं पडली. शेवंतीच्या पाकळ्या. आत पंख्याच्या पात्यांवर हळदकुंकवाचा थर. आमच्याकडे आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते, आणि आई दरवर्षी संगणकाच्या मागच्या जाळीलाच हळदकुंकू लावून फुलं वाहायची. तिथून तो श्वास सोडतो, म्हणजे तेच त्याचं तोंड, असं तिचं ठाम मत.

मी आईला हाक मारणार, तेवढ्यात अण्णांनी माझं मनगट धरलं.

"तिला सांगायचं नाही," ते हळूच म्हणाले. "पेटी कमी ताकदीची होती, एवढंच. आणि ते काही खोटं नाही."

खोटं नव्हतंच. पण आधीच ती स्वतःच्या आजारपणाने सगळ्यांची अडचण झाल्यासारखी वागत होती, त्यात हे तिने मनाला लावून घेतलं असतं. अण्णांनी पाकळ्या वेचून शर्टाच्या खिशात टाकल्या.

मी दुकानातून जोडवायर आणली. नवी पेटी संगणकाच्या डब्याबाहेरच ठेवावी लागली, म्हणून अण्णांनी देवघरातला पाट आणला आणि तिला त्यावर बसवलं, मानाच्या पाहुण्यासारखं. पंखा वरच्या बाजूला, चांगला उघडा.

रविवारी आई पुन्हा तीच साडी नेसून आली. पर्स होती, आणि हातात करंडा.

"नवीन आहे ना," ती म्हणाली, "कुंकू लावते."

पंखा गरगर फिरत होता आणि आईचं बोट त्याच्याकडे निघालं होतं. अण्णांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि कपाळ पुढे केलं.

"त्याला नको गं. चालवणाऱ्याला लाव."

"सरी, तसंच करते," आई म्हणाली. तिने सावकाश कुंकू लावलं आणि नाकावर सांडलेलं पदराने टिपलं. इतकी वर्षं मी त्यांना पाहते आहे, पण अण्णांना इतकं लाजलेलं कधी पाहिलं नव्हतं.

विमान धावू लागलं. नाक उचललं. पडदा विझला नाही. आईने दचकून अण्णांचा डावा हात कीबोर्डवरून उचलून घट्ट धरला. शहर खाली गेलं, मग सगळं पांढरं झालं, आणि मग ढग खाली पसरले, ऊन पडलेले. आई नुसती बघत राहिली. विमान एका बाजूला कलू लागलं, सरळ करायला अण्णांना दोन्ही हात हवे होते.

"अण्णा, हात!" मी ओरडले.

"कलू दे," अण्णा म्हणाले.