भेगेत सोडलेलं पाणी

सगळी नोकरी डोंगरात काढलेल्या आमच्या इंजिनिअर कंपनीला बीदरला कामासाठी आणलं, तेव्हा म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी हवालदार होतो, गाव याच जिल्ह्यातलं कोहिनूर. माझ्या सेक्शनमधला नाईक माणिक चिंताकीचा. फौज माणसाला घराच्या एवढ्या जवळ सहसा ठेवत नाही, त्यामुळे आम्हा दोघांना लॉटरी लागली असं बाकीचे जवान चिडवत. सुट्टी मिळाली की माणिक घरून ज्वारीच्या भाकरी आणि जाळ ठेचा घेऊन यायचा. पंजाबी पोरांना तो खायला लावायचा आणि त्यांची तोंडं बघत बसायचा.

त्या वर्षी पावसाने उघडीप म्हणून दिली नाही. कमठाण्याच्या बाजूला पठाराच्या उताराखालचा एक रस्ता चिखलाने बंद झाला आणि जिल्ह्याने फौज मागितली. सुभेदारसाहेबांनी माझं सेक्शन पाठवलं. रस्ता मोकळा करायचा आणि संध्याकाळी परत यायचं. सकाळचा चहा घेऊन आम्ही निघालो.

रस्त्याच्या वरच्या अंगाला उतारावर एक लहानशी वस्ती होती. खालच्या काळ्या रानातल्या घरांच्या भिंती दर उन्हाळ्यात तडकतात, म्हणून ही माणसं लाल मुरमावर येऊन राहिली होती. भिंती शाबूत, म्हणून खूश होती.

दरड म्हणजे काय हे आम्ही डोंगरात मार खाऊन शिकलो होतो. दर वेळी अख्खा डोंगर कोसळत नाही. बहुतेकदा वरची पुरुषभर माती तेवढी घसरते. तिच्याखाली चिकणमातीचा थर असतो. पाणी मुरत मुरत तिथवर जातं, पुढे वाट नसते, तिथेच साचतं. वरची माती जड होते आणि खालून सुटते. त्यात पायथा खणलेला आणि झाडं तोडलेली असली की आगीत तेल. कुठला उतार जाणार हे पाहून सांगता येतं. किती भिजल्यावर जाईल याचा अंदाज बांधता येतो. नेमका कधी जाईल हे मात्र आमच्यातल्या कुणाला कधी सांगता आलं नाही.

इथे रस्ता रुंद करताना पायथा खणला होता. झाडं सरपणाला गेली होती. रस्त्याकडेचा झरा एरवी नितळ असतो म्हणे, तो लाल वाहत होता. एक बाई म्हणाली, कालपासून दार लागत नाही, चौकट वाकडी झाली. मी फावडी थांबवली आणि माणिकला घरांच्या वर बघायला पाठवलं.

तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. सगळ्या घरांच्या वर, धनुष्यासारखी वाकलेली, हात आत जाईल एवढी भेग पडली होती. शिवाय वरच्या ओढ्यातून कुणीतरी चारी काढून पाणी त्या भेगेत सोडलं होतं.

"साब, माझा बाप बी रानात असंच करतो," तो म्हणाला.

मला लगेच कळलं. आमच्याकडच्या काळ्या रानात उन्हाळ्यात विळा पडला तर सापडणार नाही अशा भेगा पडतात. त्यात पाणी वळवायचं. माती पाणी पिते, फुगते, भेग मिटते. हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. वस्तीतले वडीलधारे दशरथअप्पा यांनी चारी आपणच काढली असं सरळ सांगितलं. आता भेग मिटेल, काळजी नको, असा त्यांनी मलाच धीर दिला.

मी वस्ती रिकामी करायला सांगितली. भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून दोरी ताणून बांधली आणि एक जवान कडेच्या कातळावर उभा केला. बाया, पोरं, शेळ्या रस्ता ओलांडून पलीकडच्या शाळेत निघाल्या. दशरथअप्पा दारातून हलेनात. घरात त्यांची ओली बाळंतीण सून होती, आणि पावसात तिला ते बाहेर काढू देईनात. मी फौजी आवाजात हुकूम सोडला. आमच्या भागातल्या म्हाताऱ्याला हुकूम सोडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

माणिक त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"अप्पा, काळी माती फुगते म्हणून भेग मिटते. ही लाल हाय, ही फुगत न्हाई. तुमचं पाणी खाली जाऊन बसायलंय. माती सुटायलीय."

म्हाताऱ्याची नजर वर चारीकडे गेली. "मग मी काय केलो रं?"

"रानात करतो तेच केलात. उठा."

ते उठले. सुनेला बाळासकट बाजेवर घेतलं, चौघांनी बाज उचलली. तेवढ्यात वरच्या जवानाने ओरडून सांगितलं, दोरी तुटली. मी वायरलेस सेटवरून सुभेदारसाहेबांना कळवलं.

"भेग रुंदावतेय. पाणी आत चाललंय. वस्तीत माणसं आहेत. ओव्हर."

"ऊपर कोई नहीं जाएगा. पहले आदमी निकालो. ओव्हर."

"रॉजर" म्हणून मी वळलो, तर माणिक जागेवर नव्हता. तो फावडं घेऊन वर पोचला होता आणि भेगेच्या काठावर चारीचं तोंड बुजवत होता. मी शिट्टी मारली. त्याने एक हात वर केला, म्हणजे येतो, आणि पुन्हा वाकला. चिखलात बाज इंचाइंचाने सरकत होती. मी पुन्हा शिट्टी मारली. बाज रस्त्यापलीकडे गेली आणि उतार सुटला. धान्याचं पोतं फरशीवरून ओढावं तसा आवाज झाला, त्याहून मोठा नाही. घरं उभीच्या उभी थोडी खाली आली, मग मोडली.

वस्तीतलं एकही माणूस गेलं नाही. माणिक आम्हाला दुसऱ्या दिवशी खाली मातीखाली सापडला. वर, न सरकलेल्या जमिनीवर, चारीच्या तोंडाशी दगड आणि माती नीट रचलेली होती आणि पाणी दुसऱ्या अंगाने वाहत होतं. तेवढ्याने उतार घटकाभर थांबला का, हे कुणी छातीठोक सांगू शकलं नाही. मी मानतो की थांबला. हुकूम मोडून गेला म्हणून मला त्याचा राग येतो. अजूनही येतो, आणि त्याच्यासारखा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

तेराव्याला दशरथअप्पा एसटीने चिंताकीला आले. भरल्या अंगणात हात जोडून उभे राहिले. "भेगेत पाणी मीच वळवलो होतो," म्हणाले.

माणिकच्या वडिलांनी त्यांच्यासाठी पाट सरकवला आणि म्हणाले, "मी बी दर साली तेच करतो. बसा. जेवून जावा."

पेन्शनवर आल्यापासून मी दरवर्षी पेरणीच्या आधी चिंताकीला जातो. माणिकचे वडील रानातच भेटतात, फावडं घेऊन भेगांना पाणी देत असतात. मला बघून फावडं टेकवतात आणि दर वेळी तेच विचारतात.

"पोरानं पाणी वळवलं हुतं न्हवं, शेवटी?"

"व्हय, काका. वळवलं होतं."

मग ते मान हलवतात आणि पुढच्या भेगेकडे जातात.