फोडणी नसलेलं घर

शेजारच्या खिडकीतून लसणाच्या फोडणीचा वास आला की मला पारनेर तालुक्यातली ती एका खोलीची शाळा आठवते. एकाहत्तर साल असावं. देवीच्या साथीमुळे शाळा दोन महिने बंद होती. मग वरून कागद आला, की घरोघर चौकशी करा, कोणी आजारी नाही अशी सही करा आणि सोमवारी शाळा उघडा. मी नवीन शिक्षिका. शाळा उघडायची मलाही घाई होती. ऐन स्वयंपाकाच्या वेळेला मी उन्हातून फिरले. शेवटच्या घरापुढे दुसरीतली एक मुलगी पाटी पुसत बसली होती. "बाई, साळा कवा हाय?" तिची आई लगबगीनं आली आणि दार अडवून उभी राहिली. "आजारी कुनी न्हाई, बाई. हिला येऊ द्या." आत चूल पेटलेली होती, पण फोडणीचा वास नव्हता. चौकटीला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला होता. घरात कुणाला देवी आल्या की फोडणी द्यायची नाही आणि त्याला आजारही म्हणायचं नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी मी पुन्हा विचारलं नाही. सही केली. सोमवारी ती मुलगी सगळ्यांच्या आधी आली आणि मैत्रिणीच्या मांडीला मांडी लावून बसली. महिन्याभरात दोघीही गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा मैत्रिणीच्या आईनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "देवीची मर्जी, बाई." मी मान हलवली. कागदावर सही माझी होती, हे तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच.